लॅमिनेटरवर केलेले उद्योग, म्हणजे इस्त्रीशिवाय घरच्या घरी पीसीबी

परवा भाचा आला होता, कॉलेजचा प्रोजेक्ट घेऊन, आणि म्हणतो, मामा तू पीसीबी, म्हणजे सर्किटचा बोर्ड, इस्त्रीनं का नाही करत, व्हिडिओत तर सगळे इस्त्रीच फिरवताना दिसतात. म्हटलं बाबा रे, तीन वर्षं फिरवली इस्त्री, दहातले चार बोर्ड नीट यायचे आणि तुझ्या आजीच्या पांढऱ्या साडीवर जो काळा पट्टा उमटला तो अजून निघालेला नाही. त्यानंतर मी लॅमिनेटरकडे वळलो. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतोय, कारण हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पीसीबीचा कोरा बोर्ड म्हणजे एक ताठ पाटी, तिच्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला. पाटी साधारण १.६ मिलिमीटर जाड आणि तांबं फक्त ३५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक. आपल्याला सर्किटच्या रेघा तेवढ्या ठेवायच्या असतात आणि बाकीचं तांबं फेरिक क्लोराइड नावाच्या रसायनाला खाऊ द्यायचं असतं. मग ज्या रेघा ठेवायच्या त्यांच्यावर काहीतरी झाकण हवं जे फेरिकला दाद देणार नाही. ते झाकण म्हणजे लेझर प्रिंटरचा टोनर. टोनर ही शाई नाही हे आधी डोक्यात घ्या, ते बारीक दळलेलं प्लास्टिक आहे, त्यात काळा रंग आणि थोडं मेण. प्रिंटरच्या आत ही पूड कागदावर पडते आणि १८०-२०० अंशांच्या रोलरखालून जाताना वितळून चिकटते. वितळलेलं प्लास्टिक पुन्हा गरम केलं की पुन्हा मऊ होतं, आणि तेव्हा ते तांब्यावर दाबलं तर तांब्याला चिकटतं. मग कागद काढून टाकायचा. झालं, एवढंच तत्त्व आहे. इंकजेटवाले इथंच बाद, त्यांची शाई पाण्यात वाहून जाते.

गंमत म्हणजे ही काही आजची युक्ती नाही. चेस्टर कार्लसननं १९३८ साली पहिली झेरॉक्स काढली तेव्हा गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पूड चिकटवली होती, त्यावर मेणकागद दाबून गरम केला आणि पूड त्या कागदावर आली. म्हणजे जगातली पहिली झेरॉक्स हाच एक टोनर ट्रान्सफर होता, फक्त आपण उलट्या दिशेनं जातो, कागदावरून धातूवर.

आता पूड कागद सोडेल कशी? टोनरचं माहेर सुटायला हवं. साध्या कागदात धागे असतात, टोनर त्यात शिरून बसतो. गुळगुळीत मासिकाच्या कागदावर खडूसारख्या पांढऱ्या मातीचा लेप असतो, टोनर त्या लेपावर बसतो आणि लेप पाण्यात भिजला की सुटतो. म्हणून मासिकाचं पान चालतं. बाजारात पिवळा ट्रान्सफर पेपर मिळतो, तो आणखी सोपा, थंड झाला की आपोआप सोलून येतो. इंकजेटचा फोटो पेपर मात्र लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, त्याचा प्लास्टिकचा लेप आत रोलरला गुंडाळला की प्रिंटरचं काम संपलं. आणि दुकानात प्रिंट काढणार असाल तर टोनर सेव्ह बंद करून गडद काढा म्हणून सांगा, फिकट प्रिंटमध्ये टाचणीएवढी छिद्रं राहतात आणि फेरिक नेमकं तिथूनच आत घुसतं.

इस्त्री का फसते ते सांगतो. तिचा थर्मोस्टॅट कधी जास्त गरम कधी कमी करत राहतो, खालच्या पत्र्याला वाफेची भोकं, आणि हाताचा दाब मधे जास्त कडेला कमी. मधलं सर्किट छान उमटतं आणि कडेचे पॅड, म्हणजे पार्टचे पाय सोल्डर करायचे ठिपके, उडालेले असतात. लॅमिनेटरमध्ये दोन रबरी रोलर असतात, स्प्रिंगनं एकमेकांवर दाबलेले, त्यामुळे बोर्ड त्यांच्यामधून जाताना प्रत्येक रेघेवर सारखाच दाब येतो. हाताची लहर मधे येत नाही. ऐकायला एकदम पर्फेक्ट वाटतं.

मी मशीन घेतलं ते इथं इंदोरात भंवरकुआकडच्या एका झेरॉक्सवाल्याकडनं, जुनं, ए-फोर साइजचं. पोरं कोचिंगचे फॉर्म आणि मार्कशीटा लॅमिनेट करायला तिथं रांग लावतात, ह्याच्याकडे नवीन मोठं मशीन आलेलं, जुनं कोपऱ्यात पडून. घरी आणलं, पहिला बोर्ड घातला, बाहेर आला, कागद काढला तर टोनर जसाच्या तसा कागदावरच. परत घातला. सात-आठ वेळा घातल्यावर अर्धंमुर्धं उमटलं. इथं बहुतेक लोक म्हणतात लॅमिनेटर बेकार आहे आणि परत इस्त्रीकडे जातात. मशीन बेकार नसतं, ते वेगळ्या कामासाठी बनवलेलं असतं, आणि हे आकड्यांत बघितलं की पुढचं सगळं आपोआप कळतं, म्हणून जरा धीर धरून वाचा.

समजा १० बाय ८ सेंटीमीटरचा बोर्ड आहे. १.६ मिलिमीटर जाडी, म्हणजे वजन साधारण २५ ग्रॅम. तो एक अंशानं तापवायला साधारण २५ ज्यूल लागतात. खोलीच्या ३० अंशांवरून १५० पर्यंत न्यायचा तर १२० अंश, म्हणजे ३००० ज्यूल. तेवढ्याच आकाराचा लॅमिनेशनचा पाउच, आत कागद, सगळं मिळून तीन-साडेतीन ग्रॅम, आणि त्याला ११० च्या आसपास नेलं तरी काम होतं, म्हणजे ३५०-४०० ज्यूल. थोडक्यात आपण त्या मशीनकडून आठपट काम मागतोय, तेही त्याच स्पीडला.

आणि स्पीड? माझं मशीन मिनिटाला ४० सेंटीमीटर चालायचं. रोलर एकमेकांना जिथं टेकतात ती पट्टी किती रुंद असते ते मी बिलाच्या कागदावर मोजलं, ते थर्मल पेपरचं बिल असतं ना, गरमीनं काळं पडणारं, ते मशीन अर्धवट गरम असताना आत घालून मोटर बंद केली आणि लगेच सोडवून बाहेर काढलं. बरोबर मधे एक काळी पट्टी, चार मिलिमीटर. आता हिशोब करा, मिनिटाला ४० सेंटीमीटर म्हणजे सेकंदाला साडेसहा मिलिमीटरच्या वर, तर बोर्डाचा कुठलाही एक बिंदू गरम रोलरखाली जेमतेम ०.६ सेकंद असतो. अर्धा सेकंद! तेवढ्या वेळात गरमी पाटीच्या आत फक्त ०.३ मिलिमीटर शिरते. वरचं तांबं क्षणभर तापतं, आणि रोलरखालून बाहेर आलं रे आलं की खालची थंड पाटी ती सगळी गरमी पिऊन टाकते. टोनरला मऊ व्हायला फुरसतच मिळत नाही.

हे कळलं की दोन रस्ते दिसतात, एकतर रोलर अजून गरम करा नाहीतर बोर्ड हळू न्या. सगळे आधी पहिला रस्ता धरतात. मीही धरला आणि तोंडावर पडलो, ते सांगतो.

लॅमिनेटर उघडला की आत बटणाएवढी एक गोल डबी दिसते, दोन पाय असलेली, अंगावर केएसडी ३०१ आणि एक आकडा, माझ्यात १३० होता. हा थर्मोस्टॅट. आत दोन धातूंची एक वाकडी चकती, १३० ला टक करून उलटी होते आणि हीटरची लाइन तोडते, थंड झालं की परत टक. महाराणी रोडवर तसलाच १८० चा मिळाला, लावून टाकला. दहा मिनिटांत मशीन मेलं. कारण थर्मोस्टॅटच्या शेजारी, काळ्या-पांढऱ्या नळीत लपवलेला एक थर्मल फ्यूज असतो, तो एकदाच उडतो आणि उडला की संपला, आणि मी त्याचा आकडा बघितलाच नव्हता. मग मी जे केलं ते कोणीही करू नका, फ्यूज काढून सरळ वायर जोडली. त्या दिवशी बोर्ड खरंच सुंदर उमटला. दुसऱ्या दिवशी मशीन चालू ठेवून पोहे खायला स्वयंपाकघरात गेलो, परत आलो तर खोलीत जळकट वास, रोलरच्या टोकाचं प्लास्टिकचं बुश मेणबत्तीसारखं कलंडलेलं आणि एक गिअर दातांवर बसलेला. रबर सिलिकॉनचं असतं, ते दोनशे अंश आरामात सहन करतं, पण बाकीचा संसार प्लास्टिकचा आहे हे मी विसरलो होतो. घराला आग लागली नाही हे नशीब.

म्हणून आता माझा नियम, आधी स्पीड, मग टेंपरेचर, आणि टेंपरेचरही बेतानंच.

स्पीड कमी करायचा म्हटल्यावर भाच्यानं लगेच सांगितलं, पंख्याचा रेग्युलेटर लाव मोटरला. लावून बघ म्हटलं. काही फरक पडत नाही, मोटर एकतर त्याच स्पीडला चालते नाहीतर थरथरून थांबते. कारण ती सिंक्रोनस मोटर असते. तिचा स्पीड व्होल्टेजवर नसतो, लाइनच्या ५० हर्ट्झवर असतो, जणू लाइटच्या तालावर पावलं टाकणारी. तिच्या अंगावर बहुतेक वेळा '२.५/३ आरपीएम' किंवा '५/६ आरपीएम' असं लिहिलेलं असतं, लोकांना वाटतं दोन स्पीडची आहे, तसं नाही, पहिला आकडा ५० हर्ट्झच्या देशासाठी आणि दुसरा ६० वाल्यांसाठी. आपल्याकडे पहिला लागू.

मग मला वाटलं मी फार हुशार, कूलरची जाळी हलवणारी स्विंग मोटर तर दिसायला अगदी अशीच असते, इंदोरात उन्हाळ्यात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, तीच कमी आरपीएमची बसवू. बसवली. बोर्ड घातला, बोर्ड आत गेला. बंद करून परत चालू केली, बोर्ड बाहेर आला, म्हणजे ज्या बाजूनं घातला त्याच बाजूनं परत! दोनदा वाटलं मीच उलटा घालतोय. या साध्या सिंक्रोनस मोटरींना दिशा नसते, चालू होताना लाइटची लाट ज्या क्षणी पकडते त्याप्रमाणे कधी डावीकडे कधी उजवीकडे. घरात मायक्रोवेव्ह असेल तर बघा, आतली काचेची ताटली एकदा इकडून फिरते एकदा तिकडून, तेच हे. कूलरच्या जाळीला काय फरक पडतो, लॅमिनेटरला पडतो. लॅमिनेटरच्या मूळ मोटरला बहुतेक वेळा एक कपॅसिटर जोडलेला असतो, तो दिशा ठरवतो आणि त्याच्याच जोरावर रिव्हर्सचं बटण चालतं. मूळ मोटर दिशावाली असेल तर एक सोपा उपाय आहे, टायमरनं एक सेकंद चालू, तीन सेकंद बंद असं करत राहायचं, बोर्ड मुंगीसारखा सरकतो. चालतं, पण बोर्डावर कधीकधी आडवे पट्टे दिसतात, मला ते आवडलं नाही.

शेवटी मी मोटरच बदलली. रोबोटवाली पोरं वापरतात ती १२ व्होल्टची डीसी गिअर मोटर आणि तिला एक छोटा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे स्पीड कमीजास्त करणारं सर्किट. रोलरचा व्यास २५ मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत बोर्ड साधारण ७८ मिलिमीटर पुढे. मिनिटाला १० सेंटीमीटर हवं तर रोलरला सव्वा-दीड आरपीएम पुरे. दहा आरपीएमची मोटर घेऊन पीडब्ल्यूएमनं एवढी खाली आणायला जाल तर ती कण्हत कण्हत अडते, म्हणून मुळातच तीन-साडेतीनची घ्या नाहीतर मधे एक गिअर टाका. शाफ्ट जुळवायला मी पितळी कपलर आणि एल आकाराची पट्टी वापरली, त्यात एक रविवार गेला, ते प्रत्येक मशीनला वेगळं असल्यामुळे इथं लिहून उपयोग नाही.

आता परत तोच हिशोब. मिनिटाला १० सेंटीमीटर म्हणजे तीच चार मिलिमीटरची पट्टी पार करायला अडीच सेकंद. तेवढ्यात गरमी ०.६ मिलिमीटर आत शिरते, आणि वरून खालून दोन्हीकडून शिरते, म्हणजे १.६ च्या पाटीचा बराचसा भाग तापून निघतो आणि तांब्याखाली गरमी पिणारं थंड काही फारसं उरत नाही. सगळा खेळ इथं आहे. मशीनच्या हीटरवरचा ताणही उतरतो, कारण ते ३००० ज्यूल आता १५ सेकंदांऐवजी मिनिटभरात द्यायचे असतात. पंधरा सेकंदांत म्हणजे २०० वॉट सलग बोर्डात जायला हवेत, मिनिटात फक्त ५०.

यानंतर टेंपरेचर थोडंसंच वाढवावं लागलं. १३० चा काढून १६० चा थर्मोस्टॅट लावला आणि त्याच्यावरचा थर्मल फ्यूज त्याला जुळणारा नवीन घातला, घातलाच. फ्यूज सोल्डर करायला जाऊ नका, सोल्डरिंगच्या गरमीनंच तो उडतो, क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या नळीत घालून पक्कडीनं दाबा. आतल्या वायरी साध्या पीव्हीसीच्या नकोत, काचेच्या धाग्याची स्लीव्ह घाला. ज्यांच्या मशीनमध्ये चकतीऐवजी थर्मिस्टर आहे, म्हणजे काचेच्या मण्यासारखं काहीतरी आणि मागे सर्किट, त्यांना आणखी सोपं, थर्मिस्टरच्या सिरीजमध्ये एक छोटा रेझिस्टर टाका. थर्मिस्टरचा ओहम गरमीनं उतरतो, आपण मधे थोडे ओहम वाढवले की सर्किटला वाटतं अजून पुरेसं गरम झालं नाही आणि ते हीटर जास्त वेळ चालू ठेवतं. किती ओहम ते मोजून, हळूहळू वाढवत. काही लोक टेंपरेचर नेमकं धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर आणि एसएसआर, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, लावतात, मस्त चालतं, पण एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा चालू स्थितीतच अडकतो, म्हणून त्याच्या मागे ती जुनी चकती आणि फ्यूज सिरीजमध्ये राहू द्या. आणि आतलं अ‍ॅल्युमिनियमचं चॅनल उघडं पडत असेल तर अर्थिंग करा, दोन पिनचा प्लग बदला, २३० व्होल्टशी मस्करी नको.

टेंपरेचर मोजायला ती लाल लाइटची बंदूक चकाकत्या तांब्यावर धरू नका, ती खोटंच सांगते, तांबं १५० ला असताना ५०-६० दाखवेल. चमकदार धातू स्वतःची गरमी नीट बाहेर फेकत नाही. तांब्यावर टेपचा तुकडा लावून तो मार्करनं काळा करा आणि त्यावर मोजा, नाहीतर मल्टिमीटरची थर्मोकपल वायर टेकवा.

जाडीचं एक राहिलं. पाउच अर्ध्या मिलिमीटरचा आणि बोर्ड १.६ चा, त्यामुळे तो तोंडाशीच अडतो. रोलरच्या दोन्ही टोकांच्या स्प्रिंगा थोड्या सैल केल्या आणि बुशच्या खाचा कानशीनं मिलिमीटरभर वाढवल्या, दोन्हीकडे सारख्या, नाहीतर बोर्ड तिरका जातो. ०.८ मिलिमीटरचा बोर्ड मिळाला तर सोन्याहून पिवळं, गरमीही निम्मीच लागते. हायलमचा तपकिरी बोर्ड स्वस्त असतो पण गरमीनं वाकतो, ग्लास इपॉक्सीचाच घ्या.

बाकी तयारीत दोनच गोष्टींवर मी अडून बसतो. एक म्हणजे सफाई. हिरव्या घासणीनं आणि साबणानं तांबं घासायचं, मग नळाखाली धरायचं. पाणी सपाट चादरीसारखं पसरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन सरकलं तर तेलकट आहे, परत घासा. नंतर अ‍ॅसिटोन, आणि मग बोट लावायचं नाही, बोर्ड कडांनीच धरायचा. दुसरी म्हणजे कागद लावण्याआधी कोरा बोर्ड दोनदा मशीनमधून फिरवून कोमट करून घ्यायचा, फुकटची गरमी. भाच्यानं पहिल्याच बोर्डात प्रिंट मिरर केली होती. खालच्या बाजूच्या तांब्यासाठी, जिथं पार्ट वरून बसतात, सॉफ्टवेअरमध्ये दिसतं तसंच छापायचं, कागद उलटा पडला की आपोआप सरळ होतं. वरच्या तांब्यासाठी मात्र मिरर. त्यानं आयसीचे पाय उलटे सोल्डर करून झाल्यावर हे विचारलं.

आता मशीन १६० ला आणि दोन-तीन फेऱ्या, बस. बाहेर आल्यावर तसाच थंड होऊ द्या, गरम असताना कागद ओढलात तर टोनर कागदाबरोबर परत येतो. मासिकाचा कागद असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं, मग अंगठ्यानं चोळून लगदा काढायचा. रेघा सुटल्या असतील तर गरमी कमी पडली किंवा तांबं तेलकट होतं, आणि रेघा फुगून एकमेकींना चिकटल्या असतील तर गरमी नाहीतर दाब जास्त झाला, स्प्रिंग सैल करा. या मशीनवर ०.३ मिलिमीटरची रेघ मला भरवशानं येते, इस्त्रीवर ०.५ च्या खाली हिंमत नव्हती.

फेरिकचं काम प्लास्टिकच्या डब्यात, स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात नाही, ते भांडंच खातं. हातात ग्लोव्ह, आणि डबा अधूनमधून हलवत राहा. झाल्यावर टोनर थिनरनं पुसून काढा. वापरलेलं फेरिक मोरीत ओतू नका, त्यात तुमच्या बोर्डाचं सगळं तांबं विरघळलेलं आहे आणि ते पाण्यातल्या जीवांना मारतं. मी बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकतो, फसफसतं, म्हणून बादली मोठी घ्या आणि बाल्कनीत करा, फेस थांबेपर्यंत टाकत राहायचं, मग तळाशी हिरवट-तपकिरी गाळ बसतो. तो वाळवून पिशवीत बांधून ठेवतो आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात. गाडीवरच्या पोराला पहिल्यांदा दिला तेव्हा त्यानं पिशवी नाकाशी नेऊन विचारलं, भिया ये क्या है. म्हटलं तांब्याची राख समज. आता तो पिशवी बघितली की विचारतो, आज कितने बने.